येथे देव नाही, हवा आहे

गेल्या महिन्यात तुमच्यापैकी धाकटीने फोनवर सांगितलं की दूरच्या जंगलांना आगी लागून तुमच्याकडे आकाश पिवळं झालं होतं, शाळा बंद होती, आणि हवा किती वाईट आहे त्याचा आकडा तुम्ही दर तासाला बघत होता. "आजी, तुमच्या वेळी असं काही नव्हतं ना?" असंही तिने विचारलं. आकडा नव्हता, हे खरं. पण तो आकडा काढण्यात ज्याचं सगळं आयुष्य गेलं असा एक माणूस मला माहीत होता, आणि त्याच्या कामाचा काही भाग मालवणला आमच्या घराच्या परसात झाला. म्हणून हे लिहून ठेवते. मला सगळं क्रमाने लिहायची सवय आहे. हे गृहस्थ मात्र क्रमाने आठवत नाहीत.

आम्ही त्यांना सर म्हणत असू. मुंबईच्या एका कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवत आणि मी तिथे त्यांची विद्यार्थिनी होते. मूळचे ते कुडाळजवळच्या एका खेड्यातले. उंच, किंचित वाकलेले; कोटाची बटणं नेहमी एक घर चुकवून लावलेली. नाक चांगलं मोठं, पण ते कामाला लावायला त्यांचा सक्त विरोध. वर्गात एखाद्याने परीक्षानळी हुंगून "सर, गंधक" म्हटलं की ते म्हणत, "वास हे मत झालं. वजन कर, मग बोल."

त्यांच्या खिशात चार पांढरे रुमाल असत. त्यातला एकही नाक पुसायला नसे. कुठेही गेले की खिडकीच्या गजावरून एक रुमाल फिरवायचा, उजेडात धरून बघायचा, घडी घालायची आणि कोपऱ्यावर शाईच्या पेन्सिलीने जागा आणि तारीख लिहायची. एकदा एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात त्यांनी मांडवाच्या खांबावरून असा रुमाल फिरवला. यजमानीणबाईंना वाटलं, त्यांना हात पुसायचेत. त्यांनी लगबगीने पंचा पुढे केला. सरांनी तोही खांबावरून फिरवला, तारीख घातली आणि खिशात ठेवला.

त्यांचा विषय होता गिरण्यांचा धूर. मुंबईत गिरणगावच्या आसपास गच्च्यांवर त्यांनी काचेच्या बरण्या मांडल्या होत्या. महिनाभरात त्यात जी धूळ बसेल, जो पाऊस पडेल, तो प्रयोगशाळेत नेऊन त्यात कोणतं आम्ल किती, कोणता क्षार किती, हे ते मोजत. त्या काळी कॉलेजात याला कुणी शास्त्र मानत नसे. "झाडूवाल्याचं काम," असं त्यांचेच विभागप्रमुख म्हणत. सरांची अडचण मात्र वेगळी होती. मुंबईच्या बरणीत सापडलेल्यातलं धुराचं किती आणि समुद्राचं, मातीचं किती, हे कसं ओळखायचं? त्यासाठी त्यांना असा किनारा हवा होता जिथे एकही चिमणी नाही. मी पदवी घेऊन मालवणला परतले आणि तिथल्या हायस्कूलमध्ये शिकवू लागले, तेव्हा त्यांचं पत्र आलं. त्यात क्षेमकुशल नव्हतं. "तुमच्या परसातून समुद्राचा वारा थेट येतो का? वाटेत कुणाची चूल आहे का?" एवढंच होतं.

पुढच्या बोटीने ते आलेच. परसाच्या समुद्राकडच्या टोकाला, माड संपतात तिथे, त्यांनी गवंड्याकडून चिऱ्यांचा छातीएवढा खांब बांधून घेतला आणि त्यावर बरणी ठेवली. पावसाळ्यासाठी बरणीला नळी आणि खाली काचेचा मोठा बुधला. मला एक जाड वही दिली. रोज सकाळी वाऱ्याची दिशा लिहायची, आणि आसपास कुठे काही जळलं असेल तर तेही. दर एक तारखेला जुनी बरणी बंद करून नवी ठेवायची. नव्या बरण्या मुंबईहून पेटीत येत. सरांनी त्या आम्लाने धुऊन, ऊर्ध्वपातित पाण्याने तीनदा विसळून, तोंडाला कागद बांधून पाठवलेल्या असत. भरलेल्या बरण्या बोटीने मुंबईला जात; पावसाळ्यात बोटी बंद असत, तेव्हा मोटारीने.

माडांच्या कडेला चिऱ्यांचा खांब उभा राहतो आणि एक शिकलेली मुलगी रोज सकाळी त्याच्यासमोर वही घेऊन उभी राहते, याचा आमच्या गावात एकच अर्थ होऊ शकत होता. आठ दिवसांत खांबाच्या पायाशी जास्वंदी दिसू लागली. मग नारळ आला. मग उदबत्ती. मी वहीत प्रामाणिकपणे "उदबत्त्या तीन" अशी नोंद केली आणि सरांना कळवलं. पुढच्या भेटीत त्यांनी स्वतःच्या हाताने पाटी रंगवून लावली: "येथे देव नाही. हवा आहे." दुसऱ्या दिवशी दोन नारळ होते. शेजारच्या वाडीतली एक म्हातारी कोळीण ते ठेवून हात जोडत होती.

"बाये, पाटी वाचली नाहीस?" सरांनी विचारलं.

"माझ्या नातवान वाचून दाखवल्यान. देव नाय म्हणान लिवचा लागता, म्हणजे कायतरी आसा."

"बरं, फुलं ठेव. पण धूर नको."

"देवाक धूर नको? असलो कसलो देव?"

"नवीन आहे," सर म्हणाले. हे तिला पटलं. त्यानंतर फक्त फुलं येत, आणि तीही दहा पावलं दूर.

गोवा तेव्हा अजून पोर्तुगीजांकडे होता आणि आपल्याकडे दारूबंदी होती. त्यामुळे आमच्या बंदरावर तोंड बंद केलेली कुठलीही बाटली म्हणजे चोरटा माल, असं पोलीस धरून चालत. एकदा सर भरलेल्या बरण्या स्वतः घेऊन निघाले. बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात बसण्याआधी हवालदाराने त्यांना थांबवलं. मी पोचवायला गेले होते.

"ह्या काय आसा?"

"पावसाचं पाणी."

"मुंबयक पाऊस पडणा नाय?"

"पडतो. पण धुरातून पडतो."

हवालदाराने जरा विचार केला. "उघडा. वास घेतंय."

इथे सर हट्टाला पेटले. बरणी उघडली तर महिना फुकट, आणि वासाबद्दलचं त्यांचं मत तर तुम्हाला आता माहीत आहे. ते त्याला वासाची आणि वजनाची गोष्ट समजावू लागले. बोट गेली. सर चौकीबाहेरच्या बाकावर बरण्या मांडीवर घेऊन चार तास बसले. शेवटी माझे वडील आले. ते गावातले वकील, त्यांच्या शब्दावर सुटका झाली. हवालदाराने प्रत्येक बरणीवर चिठ्ठी चिकटवली: "पावसाचे पाणी. संशयास्पद." ती चिठ्ठी सरांनी काढू दिली नाही. वहीत मात्र माझ्याकडून लिहून घेतलं की बरण्या चार तास चौकीच्या उन्हात होत्या.

आता आत्याविषयी सांगायला हवं. वडिलांची ही थोरली बहीण लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. घर तिच्या हातात होतं. ती सरांना "मास्तरा" म्हणे आणि अरेतुरे करी, कारण त्यांच्या आजोळचं घर तिला माहीत होतं. सर तिला "आत्यानू" म्हणत. बाकी जगाशी ते पुस्तकी मराठीत बोलत. मालवणी फक्त तिच्याशी, किंवा फार संतापले तर. आत्याला त्यांचं काम कळत नव्हतं, पण ते काम आमच्या घरात चाललंय म्हणजे ते नीटनेटकं व्हायला हवं, एवढं ती जाणून होती.

तीन वर्षं आकडे जमले. सरांना एक विलक्षण गोष्ट सापडली होती. आमच्या किनाऱ्याच्या बरणीत दर महिन्याला एक विशिष्ट क्षार येत होता. उन्हाळा असो, पाऊस असो, जवळपास तेवढाच. हा क्षार आम्लाला मारतो. म्हणजे समुद्राकडून येणारी हवा धुराचा काही अंश आपोआप निकामी करते, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. त्यांना आणखी एक गंमत वाटे. "मुंबईच्या बरण्या निस्तेज दिसतात, इथल्या चकाकतात. हवेचा गुण." त्यांनी प्रबंध लिहिला. परीक्षकांची पत्रं अनुकूल आली. तोंडी परीक्षा तेवढी राहिली. विभागप्रमुख निवृत्त होणार होते आणि ती जागा डॉक्टरेट असलेल्यालाच मिळणार होती. झाडूवाल्याचं काम म्हणणाऱ्याच्या खुर्चीत बसण्याची वेळ आली होती, आणि सरांनी त्यासाठी नवा कोट शिवला होता.

त्याच सुमारास एकदा महिनाअखेरीला शाळा लवकर सुटली. मी दिवेलागणीच्या आधी घरी आले. मागच्या पडवीत आत्या कंदील घेऊन बसली होती. आमच्याकडे वीज नव्हती. कंदिलाच्या काचा रोज संध्याकाळी कोरड्या राखेने पुसायच्या, पाणी लागलं की डाग राहतात. आत्याच्या काचा गावात सगळ्यांत स्वच्छ. काचांची रांग पुसून झाली होती, आणि तिच्या मांडीवर सरांची बरणी होती. चिमटीभर राख आत टाकून ती जुन्या धोतराच्या फडक्याने बरणी आतून फिरवून फिरवून पुसत होती.

"आत्या, काय करतेस?"

"उद्या एक तारीख ना गो? बरणी पुसतंय."

"दर वेळी पुसतेस?"

"मग? बोटीतसून इलेली बरणी. सतरा जणांचे हात लागलेले, ओकणाऱ्यांच्या पायाशी ठेवलेली. तशीच ठेवतलंस खांबार? मास्तराचा काम, सोवळ्यात नको?"

बरणी चकचकीत झाली. आत्याने कागद पूर्ववत ठेवून दोरा बांधला. गाठ सरांच्या गाठीपेक्षा नीट होती. ती मी तीन वर्षं बघत होते आणि मला काही वाटलं नव्हतं. माझ्या वहीत मैलभर दूर शेत भाजल्याचा धूर होता, उदबत्त्या होत्या, पोलीस चौकी होती. पडवी नव्हती.

मी आत्याला समजावून सांगितलं. तिने हातातलं फडकं कंदिलापाशी धरून बघितलं. "म्हणजे तेका गावलेला ता माझी राख?"

"बहुतेक."

"आणि तेचो प्रबंध?"

मी वडिलांना बोलावून आणलं.

वडिलांनी वकिलाचा सल्ला दिला. "साक्षीदाराला विचारलं नसेल तर त्याने आपणहून बोलू नये. क्षार जास्त निघाला म्हणून कुणाचा जीव जाणार आहे? त्या माणसाला आयुष्यात एकदा खुर्ची मिळते आहे." त्यांचं म्हणणं मला अगदीच चुकीचं वाटलं नाही, हे इथे मान्य करते. सर दोन दिवसांनी यायचे होते. ते दोन दिवस मी हवेची नोंद केली आणि बाकी काही ठरवलं नाही. आत्याने मात्र ठरवलं होतं. "तू सांगतलंस नाय तर मी सांगतलंय. माझ्या हातान झाला, माझ्या तोंडान जाऊंदे."

सर आले ते नवा कोट घालून, आणि बटणं बरोबर लावून. प्रबंधाची प्रत आणली होती. आत्यासाठी चहाची पत्ती होती. जेवण झाल्यावर मी म्हटलं, "सर, एक नोंद राहून गेली आहे."

"कोणत्या महिन्याची?"

"सगळ्या महिन्यांची."

मी सांगितलं. मग ते पडवीत गेले आणि आत्याला म्हणाले, "आत्यानू, पुसून दाखवा." आत्याने राखेची चिमूट उचलली. "थांबा. ही कागदावर टाका. आता दुसरी घ्या." अशा दहा चिमटी त्यांनी दहा कागदांवर घेतल्या, पुड्या बांधल्या आणि शेजारच्या सोनाराकडे जाऊन त्याच्या काट्यावर तोलल्या. दहाही पुड्यांत गुंजेचाही फरक नव्हता. सोनार म्हणाला, "हो हात माझ्या दुकानात होयो होतो." म्हणून तर दर महिन्याचा आकडा तेवढाच येत होता. उन्हापावसात फरक पडत नव्हता, कारण आत्याच्या चिमटीत फरक पडत नव्हता.

परत आल्यावर सर पडवीच्या पायरीवर बसले आणि एकदम मालवणीत ओरडले. तो ओरडा आमच्यावर नव्हता. "माझ्या आवशीन उभो जल्म राखेन काचो पुसल्यान! मी स्वतः पुसलंय! आणि तीन वर्षां चकाकणारी बरणी हातात धरून माका सुचाक नाय!"

आत्या दाराआड रडत होती. वडील म्हणाले, "अहो, आता वजन कळलंय ना? तेवढं वजा करा आणि प्रबंध दुरुस्त करा."

"कोणतं वजा करू, वकीलसाहेब? मला आजची राख माहीत आहे. तीन वर्षांपूर्वी चुलीत नारळाची सोडणं होती की लाकडं, हे मला माहीत आहे का? फडक्याला किती लागली, बरणीत किती राहिली, हे माहीत आहे का? अंदाजाने वजा केलं तर तेही मतच झालं."

त्याच दुपारी आमच्या टेबलावर बसून त्यांनी विद्यापीठाला प्रबंध मागे घेत असल्याचं पत्र लिहिलं. मला वाचायला दिलं. "नमुन्यांच्या भांड्यांच्या शुद्धतेविषयी माझ्याकडून निष्काळजीपणा झाला," एवढंच कारण होतं. आत्याचा उल्लेख नव्हता, माझाही नाही. मी म्हटलं, "सर, वही माझ्याकडे होती." ते म्हणाले, "बरण्या माझ्या होत्या."

जागा त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याला मिळाली. पुढे कितीतरी वर्षं सर त्याच्या खोलीत रजेचा अर्ज घेऊन उभे राहत. नवा कोटही पुन्हा चुकीच्या बटणांवर आला.

त्यांनी पहिल्या बरणीपासून पुन्हा सुरुवात केली. यावेळी पेटीला कुलूप होतं आणि त्याची किल्ली त्यांनी आत्याच्या हातात दिली. "कोणाक हात लावक देव नकात. माकासुद्धा." मला वाटलं, ही थट्टा आहे. थट्टा नव्हती. आत्याने ती किल्ली कमरेला अडकवली आणि दर एक तारखेला ती माझ्यामागे उभी राहून माझे हात तपासू लागली. मळकी बरणी खांबावर चढताना तिला बघवत नसे. ती तोंड फिरवून उभी राही. माझं लग्न त्या काळात दोनदा पुढे ढकललं गेलं, आणि त्याला या वहीचा हातभार होता असं ती सगळ्यांना सांगे.

मधल्या काळात गोवा मुक्त झाला. हवालदाराची बदली झाली. आणि एकदा सरांचं पत्र आलं, नेहमीसारखं कोरडं. गिरणीमालकांच्या वतीने कुणी गृहस्थ त्यांच्याकडे आले होते. किनाऱ्याची हवा धूर आपोआप मारते असा काही शोध सरांनी लावल्याचं त्यांच्या कानावर होतं, आणि त्याची प्रत त्यांना हवी होती. वस्तीतले लोक धुराविरुद्ध अर्ज करत होते, त्यांना उत्तर म्हणून. "असा शोध लागलेला नाही, असे मी त्यांना कळवले," सरांनी लिहिलं होतं. ते पत्र मी वडिलांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा एकदा स्वतः वाचलं. जीव जाण्याविषयी ते पुन्हा काही बोलले नाहीत.

दुसरी तीन वर्षं संपली तेव्हा सर आकडे घेऊन आले. मला दाखवण्याआधी ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले.

"आत्यानू, झाला सगळा."

"काय गावला?"

"मीठ."

"आणि?"

"आणखी काय नाय. समुद्राचा मीठ, वायच माती. बस."

आत्याने हातातली पळी खाली ठेवली. "मीठ आसा ह्या माका विचारलं असतंस तर मी सांगितलं असतंय. सा वर्षां घालवलंस! माझी राख होती तेव्हा निदान कायतरी होता."

सर हसले. मी त्यांना मोठ्याने हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. "तुमच्या राखेन माका प्रोफेसर केल्यान असता, आत्यानू," ते म्हणाले. "पण आता मुंबयच्या बरणीत मिठाच्या वर जा काय निघात, ता धुराचा, ह्या माका कोणाच्याय तोंडार सांगाक येतला. तीन वर्षां आधी मी ता सांगितलं असतंय, आणि ता खोटा असता. तेव्हापासून माका नीट झोप नाय."

"मग नीज मरे वायच," आत्या म्हणाली. "ओसरेर चटई घातलंय."

ते खरोखरच निजले. आमच्याकडे येऊ लागल्यापासून दिवसा आडवे झालेले मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. त्यांना जायचं होतं ती कुडाळची चारची गाडी येऊन गेली. आम्ही कुणी त्यांना उठवलं नाही.